कोऱ्या बरणीतलं पाणी

शुभांगी पवळेने बसवलेलं झाकण सुटलं, असं नऊ वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. त्या सोमवारी सकाळी निरंजनसरांनी ते म्हटलं, आणि अगदी हळू आवाजात म्हटलं, म्हणून जास्तच लागलं.

"ताई, बरण्यांतला वायू निसटलाय. आकडे तेच सांगतायत."

ती ओट्याशी उभी राहून कोळशाची भुकटी चाळत होती. चाळणी तिने खाली ठेवली, एप्रनला हात पुसले.

"किती बरण्यांतला, सर?"

"सातच्या सात."

"एखादी म्हणाला असता तर गप बसले असते," ती म्हणाली. "सातच्या सात न्हाई सुटायच्या."

पिरंगुटच्या औद्योगिक वसाहतीत, गियर कापणाऱ्या एका कारखान्याच्या मागच्या अंगाला ही प्रयोगशाळा. दगडात, मातीत, कोळशात देवाने मुळातच जी किरणं घालून ठेवली आहेत, ती किती, हे इथे मोजलं जातं. कोळशात ती थोडीच असतात. पण कोळसा जळला की ती मागे राखेत गोळा होतात. त्या राखेच्या विटा होतात आणि भूगावात उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या भिंतींत जाऊन बसतात. त्या भिंतींच्या आत लोक पाळणे बांधतात, देव मांडतात. म्हणून कोळसा खाणीतून निघाला की त्याचा आकडा हवा, आणि तो खरा हवा.

शुभांगी मुठा गावची. दहावी शिकलेली. इथे झाडलोट करायला म्हणून आली आणि पाहता पाहता नमुने तयार करायला लागली. कोळसा भट्टीत वाळवायचा, कुटायचा, चाळायचा, तोलायचा, बरणीत दाबून भरायचा आणि मग झाकण. झाकण हे तिचं खास काम. दोन डब्यांतला चिकटा अंगठ्याने मळून ती तो झाकणाच्या कडेने असा फिरवी की कुठे सुरुवात झाली आणि कुठे संपला ते सापडू नये. वरून टेप, टेपवर तारीख. मग महिनाभर त्या बरणीला कुणी हात लावायचा नाही.

महिनाभर कशाला, तर कोळशातल्या रेडियममधून एक वायू निघतो, रेडॉन. त्याला रंग नाही, वास नाही. डिटेक्टरला रेडियम स्वतः नीट दिसत नाही, त्या वायूची पुढची पिढी दिसते. तेव्हा वायू आत कोंडून ठेवायचा, त्याचं निर्माण होणं आणि विरणं यांचा मेळ बसू द्यायचा, आणि मगच बरणी मोजायची. वायू निसटला तर डिटेक्टर बिचारा म्हणणार, हिच्यात रेडियम कमीच आहे.

शुभांगीला यातलं शास्त्र पुरतं ठाऊक नव्हतं, पण महिनाभर एखादी गोष्ट न मोडता पाळणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, एक माळ जप, त्याआधी तोंडात पाण्याचा थेंब नाही. सोमवार, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार. कधी बोलून दाखवणं नाही, कधी चुकवणं नाही. झाकणाचंही तिने तसंच धरलं होतं.

नमुन्यांची पोती उतरवून घेणारा वाल्मीक दारातून ऐकत होता. तो पिरंगुटचाच, तोंडाचा फटकळ.

"वहिनी, उपास जरा कमी करा. हाताला जोर ऱ्हायला न्हाई तर झाकणं सुटायचीच की."

"माझा उपास सोमवारी असतोय, वाल्मीकभाऊ. झाकणं बुधवारी लावलीत."

वाल्मीक हसला, पण निरंजनसर हसले नाहीत. ते वयाने शुभांगीच्या धाकट्या दिराएवढे, रोज कोथरूडहून मोटारसायकलवर येणारे, स्वभावाने मऊ. त्यांना हे सांगताना जड जात होतं, आणि ते तिला दिसत होतं.

अकरा वाजता प्रयोगशाळेचे मालक दयानंदसर आले. त्यांनी कागद पाहिले, चष्मा काढला आणि शुभांगीला केबिनमध्ये बोलावलं.

"शुभांगीबाई, तुमच्यावर राग नाही. पण हाताचं काम ते शेवटी हाताचंच. पुढच्या खेपेपासून आपण मशीनने दाबून बंद होणारे पत्र्याचे डबे आणू. तुम्ही वाळवणं, चाळणं बघा. आणि या सात नमुन्यांसाठी कोळसा पाठवणाऱ्या कंपनीकडून आणखी एक महिना मागून घेऊ."

पगार तोच राहणार होता, वेळ तीच राहणार होती. फक्त झाकण तिच्या हातून जाणार होतं, आणि जाताना नऊ वर्षांच्या सगळ्या झाकणांवर शंका ठेवून जाणार होतं.

"सर, संध्याकाळपातुर थांबाल का?" तिने विचारलं.

"थांबून काय होणार?"

"बघते मी."

दयानंदसरांनी हात हलवला. म्हणजे बघा.

तिने बादलीत कोमट पाणी घेतलं आणि एकेक बरणी उलटी करून बुडवून धरली. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तशी. वाल्मीक बाजूला येऊन उकिडवा बसला.

"हवा भरायची राहिली, वहिनी."

"गप बसा वो. बुडबुडा दिसला तर सांगा."

सात बरण्या झाल्या. बुडबुडा एकही नाही. वाल्मीकचीसुद्धा थट्टा आटली. "हितं तर काय बी न्हाई," तो पुटपुटला.

ती ओल्या हातांनीच निरंजनसरांकडे गेली. मोजणीच्या खोलीबाहेर चपला काढायच्या असतात, धूळ आत जाऊ नये म्हणून. शुभांगीला ते पहिल्यापासून पटलं होतं. आत जाड शिशाच्या भिंतींमध्ये डिटेक्टर बसवलेला, द्रवरूप नायट्रोजनने थंडगार ठेवलेला, आणि त्याच्या डोक्यावर बरणी.

"सर, बुडबुडा न्हाई."

"ताई, हा वायू इतका थोडा असतो की बुडबुड्यात नाही दिसणार. केसाएवढी फट पुरते." त्यांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. "मलाही पटत नाहीये. थोरियम बरोबर आलंय, पोटॅशियम बरोबर आलंय. नुसतं रेडियम पडलंय. वायू गेला, याशिवाय दुसरं कारण काय?"

"किती पडलंय?"

"मागच्या वर्षी याच खाणीचे नमुने आले होते. त्याच्या निम्म्यावर."

"सगळ्यांचं निम्मं?"

निरंजनसरांनी कागद ओढला. "तसं नाही. पण हे बघा, पहिल्यात बारा कमी. दुसऱ्यात अकरा. तिसऱ्यात बारा..." बोट खाली सरकता सरकता मंदावलं.

शुभांगीने आकडे पाहिले. तिला एककं कळत नव्हती, पण बारा, अकरा, बारा, बारा, तेरा, अकरा, बारा हे कळत होतं.

"सर, हाताचं काम असं नसतंय," ती सावकाश म्हणाली. "मी सात बरण्या वाईट लावल्या, असं धरू. तर एक थोडी गळंल, एक जास्त गळंल, एखादी गळणारच न्हाई. मापानं वाटून दिल्यागत समद्यांतून सारखंच कसं जाईल?"

निरंजनसरांनी आकडे पुन्हा वरून खाली वाचले.

"तो आकडा येतो कसा, ते मला एकदा नीट सांगा. नऊ वर्सं बरण्या भरतेय, पण हितं आत काय हुतं ते कधी इचारलं न्हाई."

त्यांनी कोऱ्या कागदावर एक डोंगर काढला. "ही बरणीची मोजणी. पण किरणं काय फक्त बरणीत नसतात. खोलीत असतात, हवेत असतात, शिशातूनही थोडी येतात. ती कोळशाच्या माथी मारायची नाहीत. म्हणून आधी कोरी बरणी मोजायची, कोळशाऐवजी पाणी घातलेली. तिचा आकडा सगळ्यांतून वजा करायचा."

"समद्यांतून सारखाच?"

"सारखाच."

"मग त्यो आकडा मोठा असंल, तर समद्यांतून सारखंच जादा जाईल."

"बरोबर. पण तो मोठा कशाला येईल? डिस्टिल्ड पाण्यात काय असणार?"

शुभांगी उठून उभी राहिली. "येते मी," एवढंच म्हणाली आणि चपला न घालताच बाहेर आली.

कोरी बरणी नेहमी सायली भरायची. सायली महिन्याच्या रजेवर होती, लग्नासाठी. म्हणून अकरा दिवसांपूर्वी, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी ते काम पहिल्यांदा शुभांगीकडे आलं. त्या दिवशी पहाटे तिने घरी घट मांडला होता. कलश घासून लख्ख, त्यात ताजं भरलेलं पाणी, पाच पानं, वर नारळ. तीच शुचिता अंगावर घेऊन ती कामाला आली होती. आणि इथे पाहते तर कोपऱ्यात डिस्टिल्ड पाण्याचा कॅन. त्याच्यावर धुळीचा थर, चिठ्ठीवर सात महिन्यांपूर्वीची तारीख. सात महिन्यांचं शिळं पाणी! देवापुढे कालचं पाणी चालत नाही, आणि जी बरणी सगळ्यांच्या आधी यंत्रावर चढते, तिच्यात हे? तिने बरणी तीनदा विसळली, आवारातल्या बोअरची मोटर चालू केली, आधीचं पाणी वाहू दिलं आणि धारेखाली बरणी गळ्यापर्यंत भरली. झाकण लावलं. मनाला किती बरं वाटलं होतं! संध्याकाळी बरणी डिटेक्टरवर गेली तेव्हा तिने लांबूनच हातही जोडले होते.

आता ती बोअरच्या नळाशी उभी राहिली. त्या पाण्यात काय होतं हे तिला माहीत नव्हतं. पण सातही बरण्यांना सारखं लागलेलं काही असेल तर ते हेच, याबद्दल तिला शंका उरली नाही.

कुणी पाहिलं नव्हतं. बोलली नाही तर गळकी झाकणं लावणारी बाई ठरणार. बोलली तर न विचारता भलतंच पाणी भरणारी. दोन्हीकडून अब्रू जाणार. फरक इतकाच होता की पहिलं खोटं होतं. सकाळी जपाची माळ ओढलेल्या तोंडाने दुपारी खोट्याला आसरा द्यायचा, हे तिच्याने होण्यातलं नव्हतं. आणि झाकणं! ती बिचारी विनाकारण बदनाम होत होती.

ती सरळ केबिनमध्ये गेली. निरंजनसर तिथेच होते.

"सर, झाकणं घट्ट हायेत. चूक पाण्याची हाय, आन् ती माझी हाय." आणि तिने सगळं सांगितलं. घटाचं, कॅनवरच्या तारखेचं, मोटरचं. काही झाकलं नाही.

दयानंदसर लाल झाले. "शुभांगीबाई! भिंतीवर पाटी लावलीय, डिस्टिल्ड म्हणून! देवघर आहे का हे?"

ती खाली मान घालून उभी राहिली. पण निरंजनसर खुर्चीतून अर्धे उठले होते.

"बोअरचं? त्याच दिवशी उपसलेलं, ताजं?"

"व्हय."

"आणि लगेच झाकण लावलं?"

"लगेच. उघडं कशाला ठेवीन?"

"सर!" ते दयानंदसरांकडे वळले. "बोअरचं पाणी खडकातून येतं. खडकातला रेडॉन त्यात विरघळलेला असतो. पाणी जितकं ताजं, तितका जास्त. कॅनमधल्या जुन्या पाण्यात तो उरतच नाही, विरून जातो. आपण कोरी म्हणून जी बरणी मोजली, ती कोरी नव्हतीच!" आणि मग शुभांगीला, हसत, "ताई, तुमच्या देवीला ताजं लागतं, पण आमच्या डिटेक्टरला शिळंच चालतं."

"म्हंजे मशीन शिळंपाकं खाणारं हाय," दारातून वाल्मीक म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. "आन् सर, आमी रोज तेच पाणी पितोय की!"

"प्या. खडकाच्या पाण्यात एवढं असतंच. ओतताना, उकळताना बरंचसं उडून जातं. फक्त कोऱ्या बरणीत नको."

दयानंदसरांनी टेबलावर बोटं वाजवली. माणूस रागीट, पण धंद्यात मुरलेला. सोपं उत्तर त्यांच्या गळी पटकन उतरत नसे.

"पाणी चुकलं, हे मान्य. पण म्हणून झाकणं घट्ट होती, हे कसं ठरलं? पाणीही चुकलं असेल आणि झाकणंही सुटली असतील. कंपनीला मी काय सांगू, बाईंचा विश्वास आहे म्हणून?"

शुभांगी जागची हलली नाही.

"ती पाण्याची बरणी आहे ना अजून?" निरंजनसरांनी हळूच विचारलं. "न उघडलेली?"

"फळीवर हाय. तारखेसकट."

"तीही ताईंनीच बंद केलीय. तोच चिकटा, तोच हात. आणि आत वायू आहे. हा वायू आपल्या ठरलेल्या गतीने विरतो, सर, कुणासाठी थांबत नाही. आज मोजू, चार दिवसांनी परत मोजू. झाकण घट्ट असेल तर शंभराचे अठ्ठेचाळीस उरतील. गळत असेल तर त्याहून कमी. मग वादच नको."

"आणि कमी आले तर?"

याचं उत्तर शुभांगीने दिलं. "तर पत्र्याचे डबे आणा, सर. मी सोता टेम्पोतनं उतरवून घीन."

त्या संध्याकाळी पाण्याची बरणी पुन्हा डिटेक्टरवर चढली. सकाळी निरंजनसरांनी सांगितलं, पहिल्या वेळचा जेमतेम सातवा हिस्सा राहिलाय. म्हणजे पाण्यातच वायू होता, हे नक्की झालं. मग कॅनमधलं जुनं पाणी भरून खरी कोरी बरणी मोजली गेली. आता उरली होती फक्त झाकणाची गोष्ट, आणि तिला चार दिवस लागणार होते. ते कुणालाच आवरते घेता येणार नव्हते.

मधे मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आला. शुभांगीने घट मांडला, आळीतल्या पाच जणींना हळदीकुंकू लावलं, हातावर केळी ठेवली. जाऊबाई म्हणाली, "आवं, काय तरी मागा की देवीपाशी, नोकरीचं एवढं चाललंय तर." शुभांगीने काही मागितलं नाही. झाकण घट्ट असेल तर मागायची गरज नाही, आणि सैल असेल तर देवीने तिच्यासाठी खोटं का करावं?

शुक्रवारी संध्याकाळी बरणी परत चढली. शनिवारी सकाळी पिरंगुटच्या चौकात बसमधून उतरून ती रोजच्या चालीने चालत आली, एक पाऊलही जास्त झपाट्याने नाही. दारात वाल्मीक उभा. तो नुसता बाजूला झाला, आणि ती आत गेली.

निरंजनसर संगणकापुढे होते. दयानंदसर त्यांच्या मागे, शनिवारी कधी न येणारे, हात पाठीशी बांधून.

"सांगा त्यांना," दयानंदसर म्हणाले.

"अठ्ठेचाळीस यायला हवे होते, ताई. दोन-तीन इकडेतिकडे चालतात." निरंजनसरांनी पडदा तिच्याकडे वळवला. "साडेअठ्ठेचाळीस."

"म्हंजे?"

"म्हणजे अकरा दिवस आणि वर चार दिवस तुमच्या झाकणातून काही गेलं नाही. जो वायू गेला तो देवाच्या नियमाने गेला."

शुभांगीने दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले.

सातही बरण्यांचे आकडे नव्याने निघाले. रेडियम जिथे असायला हवं तिथे होतं, मागच्या वर्षीसारखं. एका नमुन्यात किंचित जास्त, पण ठरलेल्या मर्यादेच्या आत. दयानंदसरांनी कागदावर सही केली. जाता जाता म्हणाले, "तो डब्यांचा माणूस सोमवारी येणार होता. वाल्मीक, त्याला फोन कर, येऊ नको म्हणावं." शुभांगीकडे न बघताच म्हणाले, पण मोठ्याने म्हणाले.

"आन् कारण काय सांगू?" वाल्मीकने विचारलं.

"सांग, आमच्याकडे आहे ते चांगलं आहे."

वाल्मीकने फोन खिशातून काढला आणि शुभांगीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "वहिनी, आता माझ्या सायकलचं पंक्चर बी तुमच्याकडंच."

मग चुकीची नोंद करायचा कागद आला. प्रयोगशाळेचा नियम आहे, चूक झाली की काय झालं, कुणाकडून, पुढे काय करायचं, हे लिहून ठेवायचं. निरंजनसर पेन काढत म्हणाले, "मी लिहितो इंग्रजीत, तुम्ही फक्त सही करा."

"नको, सर. चूक माझी हाय, मीच लिहिते. मराठीत चालंल न्हवं?"

"चालेल की."

ती ओट्यापाशी बसली. कोळशाच्या भुकटीने काळं झालेलं बोट आधी नीट पुसलं, आणि एकेक शब्द जुळवत लिहिलं: कोऱ्या बरणीत डिस्टिल्ड पाण्याऐवजी मी ताजं बोअरचं पाणी भरलं. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नाही. पुढे कॅनमधलंच साठवलेलं पाणी भरीन आणि कळलं नाही तर विचारीन. खाली सही.

निरंजनसरांनी वाचलं. "एक ओळ राहिली, ताई."

"कुठली?"

"झाकणांची."

"ह्यो तर चुकीचा कागद. त्याच्यावर कशाला?"

"कारण ते या चुकीनेच सिद्ध झालं. उद्या कुणी तपासायला आलं, तर त्याला पाणी कळेल, झाकण कळणार नाही."

तिने कागद परत घेतला. स्वतःबद्दल बरं लिहायची सवय तिला नव्हती, आणि कुणी लिहायला सांगितल्याचंही आठवत नव्हतं. मग सहीच्या वर जागा होती तिथे तिने लिहिलं: आठही बरण्यांची झाकणं घट्ट होती.

अक्षरं वरच्या ओळींपेक्षा चांगलीच मोठी आली होती. ते तिच्या लक्षात आलं. तिने ती तशीच राहू दिली आणि कागद सरांच्या हातात दिला.